दप्तर आपले, किल्ली कोणाची?

नायरा एनर्जी ही मुंबईत मुख्यालय असलेली आणि गुजरातेत वाडीनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना चालविणारी कंपनी. तिच्या भागभांडवलात रशियन कंपनीचा मोठा वाटा असल्यामुळे युरोपीय संघाने १८ जुलै २०२५ रोजी जाहीर केलेल्या निर्बंधांच्या यादीत तिचे नाव आले. निर्बंध युरोपचे, कंपनी भारतीय कायद्यानुसार चालणारी. तरीही काही दिवसांतच मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीने तिच्या संगणकसेवा थांबविल्या आणि नायराच्या कर्मचाऱ्यांना स्वतःचाच पत्रव्यवहार व स्वतःचीच माहिती हाती लागेनाशी झाली. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि जुलै संपण्यापूर्वी सेवा पूर्ववत झाल्या. प्रकरण मिटले, परंतु त्यातून निर्माण झालेला प्रश्न मिटलेला नाही. शुल्क भरलेले आहे, परवाने वैध आहेत, माहिती आपली आहे, आणि तरीही ती पाहावयाची की नाही हे दुसरा कोणी ठरवितो, या स्थितीला मालकी म्हणता येईल काय?

नायरासारख्या बलाढ्य कंपनीस न्यायालयाचे दार ठोठावता आले. गडचिरोली जिल्ह्याच्या अगदी दक्षिण टोकाला, प्राणहितेच्या काठी वसलेल्या सिरोंच्यातील एखाद्या महाविद्यालयावर किंवा ग्रामसभेवर अशी पाळी आली तर तिने कोठे जावे? हा प्रश्न वरवर पाहता दूरचा वाटेल. परंतु संगणकाच्या आज्ञावल्या, म्हणजे ज्याला सर्वत्र ‘कोड’ म्हटले जाते ते लेखन, आज गावगाड्याच्या कारभारातही शिरले आहे. त्याचे दप्तर कोठे ठेवावे, कोणी सांभाळावे आणि त्यासाठी आपला स्वतःचा सर्व्हर उभा करणे शहाणपणाचे आहे काय, याचा विचार आता शहरांपुरता ठेवून भागणार नाही.

सातबारा आणि फेरफार

कोडभांडार म्हणजे काय हे समजून घेण्यास महसूल खात्याचे उदाहरण पुरेसे आहे. जमिनीचा सातबारा आजची स्थिती सांगतो: मालक कोण, पीक कोणते, बोजा किती. परंतु ही स्थिती कशी आली हे सातबारा सांगत नाही. त्यासाठी फेरफार नोंदवही, म्हणजे गाव नमुना ६, पाहावी लागते. वारसाने आली की खरेदीने, नोंद कोणी केली, कोणी मंजूर केली, कोणत्या तारखेस, हे सारे तेथे क्रमांकानिशी असते. जमिनीचा वाद निघाला की जाणता वकील आधी फेरफार मागतो तो त्यामुळेच.

कोडभांडार हे आज्ञावलीचे सातबारा आणि फेरफार यांचे एकत्र दप्तर होय. ‘गिट’ या प्रणालीत प्रत्येक बदलाबरोबर तो कोणी केला, केव्हा केला आणि का केला याची नोंद राहते, आणि प्रत्येक नोंद आपल्या आधीच्या नोंदीशी गणिती खुणेने जोडलेली असते. मधलीच एखादी नोंद गुपचूप बदलली तर पुढच्या सर्व खुणा बदलतात आणि लबाडी उघडी पडते. तलाठ्याने, म्हणजे आजच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याने, धरलेली नोंद मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करावी लागते. त्याचप्रमाणे एकाने लिहिलेला बदल दुसऱ्याने तपासून मग मुख्य प्रतीत घ्यावा अशी शिस्त येथे लावता येते.

गिटचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, भांडाराची प्रत घेणाऱ्या प्रत्येकाकडे सामान्यतः संपूर्ण इतिहास येतो. दहा विद्यार्थी एका आज्ञावलीवर काम करीत असतील तर दहा संगणकांवर दहा दप्तरे तयार असतात. मग मध्यवर्ती सर्व्हर हवाच कशाला, अशी शंका येथे कोणी घेईल. उत्तर असे की, दहा प्रतींपैकी अधिकृत कोणती हे सर्वांनी मान्य केल्यावाचून सहकार्य होत नाही. ती अधिकृत प्रत ठेवण्याची जागा म्हणजे सर्व्हर. वादाचा मुद्दा एवढाच की, ही जागा कोणाच्या ताब्यात असावी?

दुसऱ्याच्या घरातील ठेव

जगातील बहुसंख्य कोड आज गिटहबसारख्या मोठ्या सेवांवर ठेवला जातो. या सेवा पुष्कळशा विनामूल्य आहेत, वापरण्यास सोप्या आहेत, आणि त्यांच्यामुळे आडगावच्या विद्यार्थ्याचे काम जगापुढे येऊ शकते. हे उपकार नाकारण्याचे कारण नाही. परंतु विनामूल्य वस्तूचीही किंमत असते. ती अडचणीच्या दिवशी कळते, एवढेच.

गिटचा जन्मच अशा अडचणीतून झाला. लिनक्सच्या गाभ्याचे काम करणारे लोक बिटकीपर या खासगी प्रणालीचा मोफत परवाना वापरीत असत. २००५ मध्ये ती सवलत काढून घेण्यात आली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये लिनस टोरवाल्ड्‌स यांनी काही दिवसांतच गिटची पहिली आवृत्ती उभी केली. पुढे २०१५ मध्ये गूगलने आपली कोड ठेवण्याची सेवा गुंडाळण्यास आरंभ केला आणि त्याच वर्षी गिटोरियस ही दुसरी सेवाही बंद झाली. तेथील लोकांना आपापली बोचकी उचलून अन्यत्र जावे लागले. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलर्सना गिटहब विकत घेतले. २०१९ च्या जुलैत अमेरिकेच्या निर्बंधांमुळे इराण, सीरिया आणि क्रिमिया येथील वापरकर्त्यांना आपल्या खासगी भांडारांना मुकावे लागले. त्यांचा वैयक्तिक अपराध काहीही नव्हता. ते चुकीच्या पत्त्यावर राहत होते.

आपल्याकडे असे होणार नाही या समजुतीत राहण्याचेही कारण नाही. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबईच्या न्यायालयाच्या आदेशावरून दूरसंचार खात्याने ३२ संकेतस्थळे व पत्ते रोखण्याचा हुकूम काढला. दहशतवादी प्रचारसाहित्य पसरत असल्याचे कारण त्यामागे होते. परंतु त्या यादीत गिटहबशी संबंधित पत्तेही होते आणि देशभरच्या संगणक अभियंत्यांना त्याचा उपसर्ग पोहोचला. पुढे काही स्थळे खुली झाली. हेतू योग्य असला तरी फाटक बंद करणाऱ्याला आत कोणाकोणाचे सामान आहे याची कल्पना नसते, हा त्याचा बोध.

शासनाला या प्रश्नाची जाणीव नाही असे नाही. केंद्र सरकारने २०१७ मध्ये ‘ओपनफोर्ज’ हे शासकीय कोडसाठी स्वतःचे भांडार सुरू केले. तथापि मे २०२० मध्ये आरोग्य सेतूचा कोड जनतेस खुला करण्यात आला तेव्हा तो ठेवला गेला गिटहबवर. घर बांधले म्हणजे राहण्याची सवय लागतेच असे नाही, एवढे यावरून दिसते.

बदलीचा तालुका

आता सिरोंच्याकडे वळू. जिल्ह्याचे ठाणे सुमारे २०० किलोमीटर दूर, मुंबई हजारांहून अधिक. एकीकडे प्राणहिता, दुसरीकडे गोदावरी, पुढे इंद्रावतीचा संगम, नदीपलीकडे तेलंगण. बाजारात मराठीइतकीच तेलुगू चालते आणि रानातल्या गावांत गोंडी व माडिया. पावसाळ्यात रस्ते तुटतात. जुलै २०२२ च्या महापुराने तालुक्यातील कित्येक गावांना वेढा घातला होता. रस्त्याबरोबर वीज आणि वीजेबरोबर इंटरनेट जाते, हा येथला नित्याचा क्रम होय.

तथापि सिरोंच्याची खरी अडचण अंतराची नाही; माणसे टिकत नाहीत ही आहे. या भागातील बदली ही सरकारी नोकरीत शिक्षा समजली जात आली आहे. अधिकारी येतो, कळकळीचा असेल तर चांगले काम उभे करतो, आणि मुदत संपताच जातो. त्याच्या पाठीमागे कागदाची फाईल निदान कपाटात राहते. परंतु त्याने एखादी उपयुक्त आज्ञावली करून घेतली असेल तर तिचा कोड कंत्राटदाराकडे, खाते कोणाच्या तरी खासगी ईमेलवर आणि परवलीचा शब्द कोणाच्या तरी स्मरणात असतो. नवा माणूस येतो तो पुन्हा पहिल्यापासून आरंभ करतो. एकच काम तीनदा विकत घेणारा समाज गरीब राहिला तर त्यात नवल नाही.

बाहेरून येऊन अर्ध्यावर सोडलेल्या कामांचा सिरोंच्यास जुना अनुभव आहे. एकोणिसाव्या शतकात गोदावरीतून आणि प्राणहितेतून जलवाहतूक करण्याची आर्थर कॉटन यांची योजना होती. बांध आणि कालवे यांची कामे निघाली. सिरोंचा हे तेव्हाच्या अप्पर गोदावरी जिल्ह्याचे ठाणे होते. १८७१ च्या सुमारास योजना सोडून देण्यात आली, १८७४ मध्ये जिल्हाच मोडला आणि सिरोंचा चांदा जिल्ह्यास जोडले गेले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा झाला तेव्हाही ते टोकाचेच गाव राहिले. पैसा बाहेरून आला, निर्णय बाहेर झाला आणि काम थांबले तेही बाहेरच्याच हुकमाने.

याच जिल्ह्याच्या उत्तरेस, धानोरा तालुक्यात, वेगळा धडाही लिहिला गेला आहे. मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला. जंगलावर आणि त्यातील बांबूवर गावाची मालकी कागदावर सिद्ध झाली. परंतु तोडलेला बांबू बाहेर नेण्याचा वाहतूक परवाना वनखात्याच्याच हाती राहिला आणि त्यावाचून ती मालकी बाजारात निरुपयोगी ठरली. एप्रिल २०११ मध्ये परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले तेव्हाच हक्काला अर्थ आला. कोडच्या बाबतीतही हाच भेद आहे. ‘कोड तुमचाच आहे’ असे करारात लिहिलेले असते. तो उचलून नेण्याचा, बदलण्याचा आणि दुसऱ्याच्या हाती देण्याचा परवाना मात्र खाते ज्याच्या नावे आहे त्याच्याकडे असतो.

आणि हा प्रश्न येथे केवळ पुस्तकी नाही. पेसा आणि वनहक्क कायद्यांनंतर जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा तेंदूपाने स्वतः विकू लागल्या आहेत. पुड्यांची मोजणी, मजुरीचे वाटप, स्वामित्वशुल्काचा हिशेब हे लाखो रुपयांचे व्यवहार आहेत. उद्या हा हिशेब ठेवणारी एखादी छोटी आज्ञावली तालुक्याच्याच विद्यार्थ्यांनी लिहिली, तर तिच्यातील मजुरीचा दर कोणी, केव्हा आणि कोणाच्या सांगण्यावरून बदलला हे दाखविणारी नोंद ही पाने तोडणाऱ्या बाईच्या दृष्टीने फेरफाराइतकीच महत्त्वाची ठरेल.

मांडणी अवघड नाही

स्वतःचा कोड-सर्व्हर म्हटले की वातानुकूलित खोली आणि लाखोंची यंत्रे डोळ्यांसमोर येतात. वस्तुतः दहा-वीस विद्यार्थ्यांच्या गटासाठी महाविद्यालयातील जुना, चार जीबी स्मृतीचा संगणक, दोन डिस्क आणि वीज गेल्यावर तग धरणारा इन्व्हर्टर एवढी सामग्री पुरते. त्यावर डेबियनसारखी विनामूल्य लिनक्स प्रणाली बसवावी, गिट बसवावे, भांडारासाठी एक स्वतंत्र वापरकर्ता निर्माण करावा आणि प्रत्येक प्रकल्पासाठी एक मध्यवर्ती भांडार उघडावे. मंडळी ‘एसएसएच’ या सुरक्षित मार्गाने तेथून काम घेतात आणि तेथे जमा करतात. एवढ्यावरही काम चालू होते.

ब्राउझरमध्ये भांडार पाहावे, त्रुटींची यादी ठेवावी, बदलांवर चर्चा व्हावी असे वाटत असेल तर ‘गिटी’ किंवा ‘फोर्जेजो’ या हलक्या प्रणाली आहेत. लहान गटास एक जीबी स्मृतीतही त्या चालतात. गिटलॅब ही अधिक समर्थ, पण तिची भूक मोठी. तिच्यासाठी सुमारे आठ जीबी स्मृती धरून चालावे. फोर्जेजोची कथाही उद्बोधक आहे. गिटीचे नाव व कारभार एका कंपनीकडे गेल्यावर २०२२ च्या अखेरीस काही कार्यकर्त्यांनी तोच मुक्त कोड घेऊन वेगळी चूल मांडली. मुक्त प्रणालीत भाडेकरूला घर सोडताना भिंतीही बरोबर नेता येतात.

मांडणीत चार गोष्टींची काळजी हवी. पहिली, सर्व्हरला महाविद्यालयाच्या अंतर्गत जाळ्यात कायमचा पत्ता द्यावा. बाहेरची लाइन तुटली तरी प्रयोगशाळेतील काम अडता कामा नये. दुसरी, परवलीच्या शब्दांऐवजी किल्ल्यांची जोडी वापरावी: प्रत्येकाच्या किल्लीचा जाहीर भाग सर्व्हरवर, गुप्त भाग फक्त त्याच्याकडे, म्हणजे विद्यार्थी शिकून गेला की त्याची एकच नोंद काढली की पुरे. तिसरी, नवी खाती कोणीही उघडू शकेल असे दार ठेवू नये, आणि मुख्य शाखेत कोणताही बदल दुसऱ्याने तपासल्यावाचून जाऊ नये. चौथी, रात्री लाइन चालू असेल तेव्हा सर्व्हरने आपली प्रतिकृती बाहेरच्या एखाद्या सेवेवर आपोआप पाठवावी. म्हणजे गिटहबचा लाभ सुटत नाही. फक्त मूळ प्रत घरी आणि नक्कल बाहेर, असा क्रम बदलतो.

खर्च यंत्राचा नव्हे, निगेचा

येथवर वाचून कोणी उत्साहाने सर्व्हर विकत घेण्याचा प्रस्ताव पाठवील तर त्यास थोडे थांबविणे भाग आहे. आपल्या अर्थसंकल्पात यंत्राला मंजुरी लवकर मिळते, निगेला मिळत नाही; उद्‌घाटनाचे छायाचित्र यंत्राचे निघते, निगेचे निघत नाही. शाळा-महाविद्यालयांतून धूळ खात पडलेली उपकरणे याची साक्ष देतील. स्वतःच्या सर्व्हरची खरी किंमत त्याच्या खरेदीच्या पावतीवर नसते. ती दर महिन्याला द्याव्या लागणाऱ्या मनुष्यतासांत असते.

दोन घटना या संदर्भात ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. ३१ जानेवारी २०१७ रोजी खुद्द गिटलॅब कंपनीच्या एका थकलेल्या कर्मचाऱ्याने रात्रीच्या धांदलीत चुकीच्या यंत्रावरील माहिती पुसली. प्रती ठेवण्याच्या पाच व्यवस्था होत्या. वेळेवर पाचांपैकी एकही नीट चालली नाही. सहा तासांपूर्वी वेगळ्याच कारणासाठी घेतलेल्या एका प्रतीने अब्रू वाचविली आणि मधल्या सहा तासांच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. कोड वाचला, पण चर्चा, त्रुटींच्या नोंदी आणि खाती यांना झळ पोहोचली. कारण ती गिटमध्ये नसून वेगळ्या माहितीसंचात असतात. दुसरी घटना २०२१ ची. गिटलॅबमधील एका गंभीर छिद्रावर कंपनीने एप्रिलमध्ये ठिगळ दिले. नोव्हेंबरात तपासणी झाली तेव्हा इंटरनेटवर उघड्या असलेल्या सुमारे ६०,००० सर्व्हरांपैकी निम्म्यांवर ते बसविलेलेच नव्हते. औषध मोफत होते. घेणाऱ्याला सवड नव्हती.

तेव्हा नियम साधे ठेवावेत. दप्तराच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांपैकी एक इमारतीबाहेर. सिरोंच्यासारख्या पुराच्या गावी ही शेवटची अट सोडून चालणार नाही. माहितीसंचाची प्रत कोडपासून वेगळी घ्यावी. प्रत्येक सत्रात एकदा ती प्रत दुसऱ्या यंत्रावर खरोखर उघडून पाहावी, कारण न तपासलेली प्रत ही प्रत नव्हे, केवळ समजूत आहे. महिन्यातून एक दिवस नव्या सुधारणा बसविण्यासाठी ठरवावा. आणि राखणदार एक नसावा, दोन असावेत. त्यांतील एक स्थानिक असावा, ज्याची बदली होणार नाही.

ही शेवटची अट खर्चिक वाटेल, पण तीच सर्वांत उत्पादक आहे. मोठ्या सेवेवर खाते उघडणाऱ्या विद्यार्थ्यास ती सेवा वापरता येते. सर्व्हर सांभाळणाऱ्या विद्यार्थ्यास लिनक्स, जाळे, सुरक्षितता आणि नोंदींची शिस्त ही चारही कामे हातांनी शिकता येतात. सिरोंच्यातून हैदराबादला किंवा नागपूरला नोकरीसाठी जाणाऱ्या मुलाकडे हे ज्ञान असेल तर त्याचा दर वाढेल, आणि जो गावीच राहील त्याच्यामुळे तालुक्याचे परावलंबन घटेल. अर्थशास्त्रात याला बाह्य लाभ म्हणतात. सर्व्हरच्या जमाखर्चात तो दिसत नाही, म्हणून तो धरलाच जात नाही.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. हे काम अंगावर घेण्यास त्याच्याहून योग्य संस्था नाही. प्रत्येक महाविद्यालयाने एकट्याने झगडण्याऐवजी विद्यापीठाने एक आदर्श मांडणी लिहून द्यावी, तालुक्याच्या भांडारांची बाहेरची प्रत स्वतःकडे ठेवावी आणि राखणदार विद्यार्थ्यांच्या कामास अभ्यासक्रमात गुण द्यावेत. जिल्हा प्रशासनानेही कोणतीही आज्ञावली करून घेताना करारात एकच कलम घालावे: संपूर्ण इतिहासासह कोड जिल्ह्यातील सार्वजनिक भांडारात जमा झाल्यावाचून शेवटचे देयक निघणार नाही. या कलमास नवा कायदा लागत नाही आणि फारसा पैसाही लागत नाही.

मोठ्या कंपन्यांशी वैर धरावे असा याचा अर्थ नव्हे. जगाच्या बाजारात उतरायचे तर त्यांच्या रस्त्यांनी जावेच लागेल. परंतु रस्ता दुसऱ्याचा असला तरी धान्याची कणगी आपल्या घरात असावी, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. सिरोंच्यात अधिकारी येतील आणि जातील, पूर येतील आणि ओसरतील. तेथे झालेल्या कामाचे दप्तर मात्र तेथेच राहावे आणि ते वाचू शकणारी दोन माणसे त्याच गावात असावीत, एवढी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.